वीज नसलेल्या वर्गात संगणक

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गावापासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या एका माध्यमिक शाळेने विज्ञान मंडळाच्या उद्घाटनासाठी मला बोलावले होते. विषय ठरला होता 'संगणकाची ओळख'. मुख्याध्यापकांनी मोठ्या उत्साहाने कळवले होते, "सर, आपल्याकडे दहा संगणक आहेत." मी पोहोचलो तेव्हा पाऊस झोडपत होता आणि सकाळपासून वीज गेलेली होती. शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा काढून संगणकाच्या खोलीचे कुलूप उघडले. आत दहा यंत्रे होती खरी, पण त्यांच्या आवरणांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली होती. देणगीत मिळालेली ती यंत्रे पहिली दोन वर्षे चालली, मग एकेकाने मान टाकली. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत होता. दहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आम्ही पाचवीपासून हे कुलूपच बघतोय."

मी लॅपटॉपवर तयार करून नेलेली चित्रे दाखवण्याचा प्रश्नच उरला नाही. पण पिशवीत पुठ्ठ्याचे पाच पत्ते आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले तुकडे होते. आदल्या रविवारी घरी मुलांबरोबर खेळलो होतो, ते तसेच राहिले होते. त्या दिवशीचा दोन तासांचा कार्यक्रम एवढ्यावरच झाला. विद्यार्थी मित्रांनो, त्यातले खेळ तुम्हालाही खेळता यावेत म्हणून हा लेख.

हे खेळ माझ्या डोक्यातून आलेले नाहीत, हे आधीच सांगतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे कँटरबरी विद्यापीठ आहे. तेथील टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज या दोन संगणकशास्त्रज्ञांच्या सोबतीने १९९०च्या दशकात शाळकरी मुलांसाठी काही खेळ रचले आणि ते पुस्तकरूपाने सर्वांना खुले केले. या उपक्रमाचे नाव 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड'. अनप्लग्ड म्हणजे ज्याचा प्लग काढून ठेवला आहे असे! संगणकाला हात न लावता संगणकशास्त्र शिकायचे. ऐकायला हे पाण्यावाचून पोहायला शिकण्यासारखे वाटते. पण संगणकशास्त्राचा विषय यंत्र हा नाहीच, माहिती आणि ती हाताळण्याच्या रीती हा आहे. आणि त्या पुठ्ठ्यावरही दाखवता येतात.

पाच पत्ते

पाच मुलांना पुढे बोलावून एका रांगेत उभे केले. वर्गाच्या दृष्टीने अगदी उजवीकडच्या मुलाच्या हातात १ ठिपका असलेला पत्ता दिला. त्याच्या डावीकडे २ ठिपके, मग ४, मग ८ आणि सर्वांत डावीकडे १६. नियम एकच. पत्ता एकतर पूर्ण उघडा धरायचा, नाहीतर पाठ दाखवायची, अर्धामुर्धा नाही. "आता मला नऊ ठिपके दाखवा." आठवाल्याने आणि एकवाल्याने पत्ते उघडे धरले. "एकवीस?" थोडी कुजबुज झाली आणि १६, ४ व १ उघडे झाले.

मग मी दोन प्रश्न विचारले. ० पासून ३१ पर्यंत अशी एखादी संख्या आहे का, जी दाखवताच येणार नाही? आणि अशी एखादी आहे का, जी दोन निरनिराळ्या रीतींनी दाखवता येईल? वर्गाने पाच-सहा संख्या करून पाहिल्या आणि 'नाही' असे उत्तर दिले. पण करून पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धता अशी आहे. सर्वांत मोठा पत्ता बाजूला ठेवला तर उरलेल्या चारांवर मिळून १५ ठिपके होतात, १६ ला एक कमी. म्हणून संख्या १६ किंवा अधिक असेल, तर मोठा पत्ता उघडावाच लागतो. १६ पेक्षा कमी असेल, तर तो उघडताच येत नाही. येथे निवडीला जागाच नाही. उरलेल्या संख्येसाठी आठच्या पत्त्याला हाच न्याय लावा (त्याच्या खालच्या तिघांची बेरीज ७), मग चारच्या, मग दोनच्या. प्रत्येक पायरीवर उत्तर एकच असल्यामुळे प्रत्येक संख्या दाखवता येते आणि एकाच रीतीने येते.

उघड्या पत्त्यासाठी १ आणि झाकलेल्यासाठी ० लिहिले की तेराची खूण होते ०११०१. हीच द्विमान पद्धती.

मी हे फळ्यावर लिहीत होतो, तेव्हा व्हरांड्यात एक आजोबा पाऊस थांबण्याची वाट पाहत बसले होते. ऐंशीच्या घरातले असावेत. नातीला न्यायला आले होते. ते दारात येऊन म्हणाले, "मास्तर, हे तर आमचं आण्यांचं गणित!" मी खडू त्यांच्या हातात दिला. ते काही फळ्याजवळ गेले नाहीत, पण बोटांवर मोजून दाखवले: आणा, चवली, पावली, अधेली, रुपया. एक आणा, दोन आणे, चार आणे, आठ आणे, सोळा आणे! "तेरा आणे म्हणजे एक अधेली, एक पावली अन् एक आणा. दुसरं काय?" फळ्यावर ०११०१ लिहिलेलेच होते.

वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवत असूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि आण्यांच्या हिशेबात असलेली ही दुपटीची शिडी व्यवहारातून गेली. जुन्या वजनांतही तीच होती. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. त्यामागे एक सोपे कारण दिसते. तराजू हे निम्मे करण्याचे उत्तम यंत्र आहे. शेरभर धान्य दोन पारड्यांत समतोल वाटले की अच्छेर मिळाला, तो पुन्हा वाटला की पावशेर. दहावा भाग असा सहज काढता येत नाही. आणि दुकानदाराकडे प्रत्येक वजन एकेकच असले, तरी एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत काहीही मोजून देता येते.

संगणकाने मात्र दोनच अंक पत्करले ते तराजूमुळे नव्हे. त्याचे कारण विजेत आहे. समजा, तारेतील विद्युत दाबावरून अंक ओळखायचा आहे आणि दाब ० ते ५ व्होल्टच्या दरम्यान असतो. दहा अंक बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा व्होल्ट येईल. शेजारच्या तारेमुळे किंवा तापमानामुळे दाब थोडा जरी सरकला, तरी सहाचा सात होईल. दोनच अंक असतील, तर मध्ये ऐसपैस मोकळी जागा सोडता येते. टीटीएल नावाच्या एका प्रकारच्या मंडलांत ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक असे धरतात. मधला प्रदेश कोणाचाच नाही. आपल्या पत्त्यांचा 'अर्धामुर्धा नाही' हा नियम तो हाच.

आणि अक्षरे? त्यांना क्रमांक द्यायचे. जगातल्या लिप्यांतील अक्षरांची युनिकोड नावाची एक यादी आहे. तिच्यात आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे. पत्त्यांवर तो दाखवायचा तर बारा पत्ते लागतील, आणि सर्वांत मोठ्यावर २०४८ ठिपके काढावे लागतील. खूण होईल १००१०००१०१०१. बेरीज करून पडताळून पाहा: २०४८, २५६, १६, ४ आणि १.

लग्नपत्रिकांची जादू

दुसरा खेळ मला सर्वांत आवडतो. लग्नपत्रिकांचे छत्तीस सारखे तुकडे घ्या. त्यांची एक बाजू छापील, दुसरी कोरी असावी. एका मुलाला त्यातले पंचवीस तुकडे टेबलावर पाच ओळी आणि पाच रकान्यांत मनाला येईल तसे मांडायला सांगितले. काही छापील बाजू वर, काही कोरी. मग मी म्हटले, "हे फारच सोपे झाले, थोडे अवघड करू," आणि उजवीकडे एक रकाना व खाली एक ओळ वाढवली. सहा गुणिले सहा, छत्तीस तुकडे झाले. मी पाठ फिरवली. "आता कोणताही एकच तुकडा उलटा." वळून पाच-सात सेकंद पाहिले आणि बोट ठेवले: तिसरी ओळ, चौथा रकाना. एकच गिल्ला झाला. तीनदा करून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरचे पुढे आले.

जादू त्या 'अवघड करण्या'त आहे. वाढवलेले तुकडे मी मनाला येतील तसे ठेवले नव्हते. प्रत्येक ओळीतील छापील तुकडे मोजले. ते सम असतील, तर शेवटी कोरा तुकडा ठेवला. विषम असतील, तर छापील ठेवून सम करून घेतले. (शून्य ही सम संख्या आहे, हे विसरू नका.) रकान्यांचेही तसेच केले. आता टेबलावरील प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात छापील तुकडे सम आहेत. कोणताही एक तुकडा उलटला की त्याच्या ओळीतील मोजणी एकाने बदलते आणि विषम होते, रकान्यातीलही विषम होते. विषम ओळ आणि विषम रकाना जेथे एकमेकांना छेदतात, तेथे चोर!

चाणाक्ष वाचक येथे एक शंका काढील. उजव्या खालच्या कोपऱ्यातला तुकडा शेवटच्या ओळीलाही सम करणार आणि शेवटच्या रकान्यालाही. दोघांच्या मागण्या निराळ्या निघाल्या तर? त्या निराळ्या निघूच शकत नाहीत. शेवटच्या रकान्यातील वरचे पाच तुकडे पाच ओळींचे सम-विषमपण सांगतात, म्हणजे एकत्रितपणे मूळच्या पंचवीस तुकड्यांतील छापील तुकडे सम की विषम हेच सांगतात. खालच्या ओळीतील पहिले पाचही नेमके तेच सांगतात, फक्त रकान्यांच्या वाटेने.

कुलपाविषयी बोललेली ती मुलगी एवढा वेळ गप्प होती. ती आता म्हणाली, "सर, मी दोन उलटले तर?" असा प्रश्न आला की शिक्षकाचा दिवस सार्थकी लागतो. करूनच पाहिले. एकाच ओळीतील दोन उलटले, तर ती ओळ पुन्हा सम दिसते, पण दोन रकाने विषम होतात. चूक झाली आहे हे कळते, कोणत्या ओळीत ते कळत नाही. निरनिराळ्या ओळींतील व निरनिराळ्या रकान्यांतील दोन उलटले, तर दोन ओळी आणि दोन रकाने विषम होतात. छेद मिळतात चार. त्यांतील समोरासमोरच्या कोणत्या जोडीवर संशय घ्यायचा? सांगता येत नाही. आणि एखाद्या आयताच्या चारही कोपऱ्यांवरचे तुकडे उलटले, तर जादूगार पुरता फसतो. सगळे सम! म्हणजे ही युक्ती एक चूक दुरुस्त करते, दोन चुका नुसत्या ओळखते, चार चुका कधीकधी तिच्या नजरेतून साफ सुटतात. कोणत्याही युक्तीची शक्ती किती आणि ती कोठे संपते, हे दोन्ही सांगता आले पाहिजे.

संदेश पाठवताना एखाद्या ० चा १ होणे, ही नेहमीची गोष्ट आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणिती रिचर्ड हॅमिंग यांना याचा भारी मनस्ताप झाला होता. शनिवार-रविवारी यंत्रावर त्यांचे गणित लावलेले असे. यंत्राला चूक ओळखता येई, पण दुरुस्त करता येत नसे. ते ते काम टाकून पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन पाहावे तर उत्तर नाही. चूक झाली हे जर यंत्राला कळते, तर कोठे झाली हेही का कळू नये, या विचारातून त्यांनी शोध घेतला आणि १९५० साली चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आज भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर संकेत कोपऱ्यात फाटलेला किंवा चिखलाने माखलेला असला, तरी बहुधा चालतो. जपानमध्ये १९९४ साली तयार झालेल्या या चौकोनात जादा खुणा भरलेल्या असतात. त्यांची रीत आपल्या लग्नपत्रिकांपेक्षा पुष्कळ पुढची आहे, आणि सर्वांत कडक प्रकारात सुमारे ३० टक्के भाग गेला तरी मजकूर परत मिळवता येतो.

याचे एक सोपे रूप तुमच्या दप्तरातही सापडेल. पुष्कळ पुस्तकांच्या मागे ९७८ ने सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक असतो. त्यातील अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली, तर तिला १० ने निःशेष भाग जातो. शेवटचा अंक याच हेतूने निवडलेला असतो. उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घ्या. बेरीज अशी: ९ + २१ + ८ + ० + ३ + ० + ६ + १२ + ० + १८ + १ + १५ + ७ = १००. आता लिहिणाऱ्याने घाईत १५ च्या जागी ५१ लिहिले, तर बेरीज ९२ होते आणि चूक पकडली जाते. पण त्याच्या अलीकडच्या ६१ च्या जागी १६ लिहिले तर? पूर्वी १८ + १ होते, आता ३ + ६ झाले. बेरीज ९०! दहाने भाग जातोच. शेजारच्या दोन अंकांत नेमका पाचाचा फरक असला, की त्यांची अदलाबदल या पहारेकऱ्याला दिसत नाही. का, ते तुम्ही शोधा. एका ओळीचे बीजगणित आहे.

चौघांची रांग

पाऊस थोडा थांबला तेव्हा आम्ही पडवीत गेलो. चार मुलांना उंचीप्रमाणे रांगेत लावायचे होते. कवायतीचे शिक्षक हे एका नजरेत करतात, पण संगणकाला ती नजर नसते. तो एका वेळी दोघांची तुलना करू शकतो, एवढेच. खडूने जमिनीवर वाटा आखल्या. पहिला आणि दुसरा एका वर्तुळात भेटतील, त्याच वेळी तिसरा आणि चौथा दुसऱ्या वर्तुळात. प्रत्येक भेटीनंतर बुटक्याने डावीकडून बाहेर पडायचे, उंचाने उजवीकडून. पुढच्या पायरीवर दोन्ही जोड्यांतील बुटके एकमेकांना भेटतात, आणि त्याच वेळी दोन्ही उंचे. बुटक्यांतला बुटका तो सर्वांत बुटका. तो डाव्या टोकाला गेला. उंचांतला उंच उजव्या टोकाला. उरले मधले दोघे, त्यांची एक भेट. पाच भेटी झाल्या, पण पायऱ्या तीनच, कारण काही भेटी एकाच वेळी उरकल्या.

चार भेटींत हे काम होईल का? नाही होणार. चार मुले २४ प्रकारे उभी राहू शकतात. प्रत्येक भेटीची उत्तरे दोन, म्हणजे चार भेटींत मिळून १६ निरनिराळे निकाल. सोळा निकालांवरून चोवीस प्रकार ओळखायचे कसे? पाच भेटींत ३२ निकाल होतात. पाच पत्त्यांचा हिशेब येथे पुन्हा भेटला. (सहा मुलांचे असेच जाळे १२ भेटींचे आणि ५ पायऱ्यांचे आखता येते. पटांगणावर करून पाहायला ते अधिक रंगतदार आहे.)

एका मुलाने विचारले, याच वाटांवरून उलटे चालत आले तर? मी म्हटले, चालून पाहा. म्हणजे आधी मधले दोघे भेटतील, मग पहिला-तिसरा आणि दुसरा-चौथा, शेवटी पहिले दोघे आणि शेवटचे दोघे. भेटी त्याच पाच. काही वेळा रांग बरोबर लागली, आणि काहींना वाटले की उलटेही चालते. पण उंचीचे क्रम ३, ४, १, २ असे उभे केले तर शेवटी मिळते १, ३, २, ४. कामे तीच, क्रम निराळा, की उत्तर चुकते. आज्ञावली लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, त्याच्या अर्ध्या रात्री असल्याच चुका शोधण्यात गेलेल्या असतात.

काड्या आणि नळ्या

संगणकाबरोबर अभियांत्रिकीचाही असाच विनामूल्य खजिना आहे, आणि तो आपल्या दाराशीच आहे. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, मराठीतूनसुद्धा. त्यांतील आगकाड्यांचे सांगाडे प्रसिद्ध आहेत. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बारीक तुकडे करायचे आणि त्यांत काड्या खोचून सांधे करायचे.

चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यात बोटाने ढकला. तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, ते आता कळेल. पण किती काड्या लागतील, हे ढकलून न पाहता सांगता येईल का? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली त्याचा हिशेब मांडला. कागदावरील प्रत्येक सांधा दोन दिशांनी हलू शकतो. प्रत्येक काडी एक बंधन घालते. पूर्ण आकृती दोन दिशांनी सरकणे आणि फिरणे, या तीन हालचाली राहिल्या तरी चालतात. म्हणून काड्या हव्यात सांध्यांच्या दुपटीपेक्षा तीन कमी. त्रिकोणाला ३, चौकोनाला ५, षटकोनाला ९. अवकाशातील सांगाड्याला सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा करायचे. घनाला आठ कोपरे, म्हणजे १८ काड्या हव्यात. कडा असतात १२. सहा कमी पडल्या, आणि घनाला पृष्ठेही सहाच! प्रत्येक पृष्ठावर एक कर्ण टाका, घन ताठ उभा राहतो. कर्ण कडेपेक्षा लांब असल्यामुळे तेथे आगकाडी पुरत नाही. खराट्याची काडी मोजून कापा. आणि आणखी एक सूचना: काड्यांची संख्या बरोबर असली, पण त्या भलत्या जागी लावल्या, तर सांगाडा ढिलाच राहतो.

फुकट म्हणजे काय

परतताना मुख्याध्यापकांनी विचारले, "सर, याचे पुस्तक कितीला पडते?" मी सांगितले, काही पडत नाही, छापायला कागद आणि शाई लागेल तेवढीच. त्यांचा विश्वास बसेना. फुकट मिळालेल्या दहा यंत्रांचा अनुभव ताजा होता ना!

येथे दोन प्रकारचे फुकट वेगळे करून पाहिले पाहिजेत. यंत्र फुकट मिळाले तरी वीज, दुरुस्ती आणि शिकवणारा माणूस फुकट मिळत नाही. पुठ्ठ्याच्या पाच पत्त्यांना यांतील शेवटचा तेवढा लागतो. दुसरे असे की 'अनप्लग्ड'चे साहित्य नुसते विनामूल्य नाही, ते क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली आहे. मूळ कर्त्यांचे नाव देऊन, परवान्यातील अटी पाळून, ते कोणीही वाटावे आणि आपल्या भाषेत आणावे, अशी मोकळीक त्यात आहे. त्यामुळेच ते अनेक भाषांत गेले. चवली-पावलीचे उदाहरण त्यात घालायला तुम्हाला कोणाची चिठ्ठी आणावी लागत नाही. शिक्षकांना ही परवानगी पुस्तकाच्या किमतीपेक्षा मोलाची आहे असे मला वाटते.

भारतात एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला. शाळांसाठी अशा संगणकीय विचारांचे पाठ तेथे विनामूल्य मिळतात. 'बेब्रास' नावाची कोड्यांची स्पर्धाही भारतात याच उपक्रमातून घेतली जाते. ही स्पर्धा लिथुएनियात २००४ साली सुरू झाली. बेब्रास म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर, ओढ्यावर धरण बांधणारा कष्टाळू प्राणी. तिच्यातील कोडी सोडवायला संगणकाचे पूर्वज्ञान लागत नाही.

पत्त्यांवर सगळे भागते असे मात्र मी म्हणणार नाही. पोहण्याच्या हालचाली काठावर शिकता येतात, पण केव्हातरी पाण्यात उतरावेच लागते. आपण लिहिलेली आज्ञा यंत्राने शब्दशः पाळली आणि आपली फजिती केली, हा अनुभव पुठ्ठा देत नाही. ज्या शाळेत एक जरी यंत्र धडपणे चालत असेल, तेथे अमेरिकेतील एमआयटीने २००७ साली सर्वांसाठी खुले केलेले 'स्क्रॅच' घालून घ्यावे. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून चित्रे हलवता येतात, आणि एकदा यंत्रात घातल्यावर इंटरनेटही लागत नाही. मोठ्या मुलांसाठी मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्यूटोरियल' आहे; छोट्या चित्रफिती पाहत शेजारी स्वतः करत जायचे. त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत.

दिवाळीनंतर मी त्या शाळेत पुन्हा गेलो. संगणकाच्या खोलीचे कुलूप तसेच होते. दहावीच्या वर्गात मात्र भिंतीला दोरी बांधून पत्ते अडकवले होते, पाच नव्हे, सहा. सहाव्यावर बत्तीस ठिपके काढलेले. आजोबांच्या नावांप्रमाणे प्रत्येक पत्त्याखाली आणा, चवली, पावली, अधेली, रुपया असे लिहिले होते. बत्तीसच्या खाली आधी काहीतरी लिहून खोडलेले दिसत होते. मी विचारले तेव्हा कळले, त्यावरून दोन दिवस वाद चालला होता. शेवटी आजोबांनाच विचारून आले. ते म्हणाले होते, "असं नाणं नव्हतंच आमच्या वेळी. दोन रुपये म्हणा."